जास्तीचा पाटा

औंढ्याहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावर, ऐन बाजाराच्या दिवशी, बोकडांनी खच्चून भरलेली पिकअप गचके देत बंद पडली. शिवकन्येनं आधी गाडीला शिव्या दिल्या, मग गाडी बनवणाऱ्यांना, आणि सरतेशेवटी बोकडं सांभाळायला मागं उभ्या असलेल्या खेमाकाकाला. त्या बिचाऱ्याचा तर काहीच दोष नव्हता.

घरात तिला शिवी म्हणत. लहानपणी लाडानं ठेवलेलं नाव, पण वयात येईस्तोवर ते तिला असं काही बसलं होतं, की बघायला आलेले पाहुणे चहा अर्धा ठेवून उठत. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला त्यांची वाडी. बाप नामाजी, पिढ्यान्‌पिढ्यांचा मेंढरांमागं फिरणारा माणूस. गुडघे बोलायला लागले तसा त्यानं कळपातला मोठा वाटा विकून ही पिकअप घेतली. ठेवलेला ड्रायव्हर पंधरवड्यात पळाला, दुसरा पिऊन यायला लागला, तेव्हा शिवीनंच लायसन काढलं आणि स्टेअरिंगवर बसली. बाई गाडी चालवते म्हणून लोक रस्त्यात थांबून बघत. तिला त्या बघण्याचाही राग येई.

दोन हजार पाच साल, जानेवारीची थंडी. बकरी ईद तोंडावर आलेली. बोकडं विकणाऱ्याला वर्षभरात हाच एक हंगाम, आणि नेमकं आत्ताच हे डबडं बसलं होतं.

‘‘ओ ता…’’

मागून आलेला मोटारसायकलवाला एवढंच म्हणाला आणि पुढचा शब्द त्यानं गिळला. कानाला मफलर, अंगात स्वेटर, डोळे झोपेतून आत्ताच उठल्यासारखे मऊ. ‘ताई’ म्हणता म्हणता हा का थांबला, ते शिवीच्या लक्षात आलं. त्यामुळं ती आणखीच चिडली.

‘‘काय हाय? तमाशा लागलाय का हितं?’’

‘‘न्हाई… गाडी बंद पडली दिसते. बघू का?’’

‘‘बघा. सगळी दुनिया बघूनच राहिली.’’

तो हसला. बॉनेट उघडून आत वाकला, बोटानं कुठंतरी पुसून पाहिलं, ते बोट नाकाला लावलं. शिवी त्याच्या डोक्यावर उभी राहून बघत होती. इतक्या जवळून, की त्याच्या स्वेटरला चुलीच्या धुराचा वास येतोय हेही तिला कळलं.

‘‘डिझेल पंप गेला,’’ तो म्हणाला. ‘‘आतलं सील गळून राहिलंय. गाडी कवाची?’’

‘‘वर्ष न्हाई भरलं.’’

‘‘मग काहून एवढं तोंड पाडता? वॉरंटी हाय ना! शोरूमवाले नवा पंप बसवून देतेत. बिलकुल तकलीफ न्हाई.’’

वॉरंटी. हा शब्द शिवीनं गाडी घेतानाच ऐकला होता, पण असा धीर देणारा आज पहिल्यांदा वाटला. त्यानं जाणारा एक ट्रॅक्टर हात करून थांबवला, साखळी बांधून दिली, गाठ दोनदा ओढून पाहिली. निघताना म्हणाला, ‘‘मी शिवहार. कुरुंद्याचा.’’

‘‘शिवकन्या,’’ ती म्हणाली. मग उगाचच पुढं म्हणाली, ‘‘ह्या मुलखात दगुड फेकला तर शिवाच्या नावाच्या माणसालाच लागंल.’’

‘‘मग जरा बेतानं फेका,’’ तो म्हणाला आणि गेला.

ट्रॅक्टरमागं फरफटत जाताना शिवीला जाणवलं, की आपण मघापासून कोणावरच चिडलेलो नाही.

ते फार वेळ टिकलं नाही.

हिंगोलीतल्या शोरूमच्या काचेआड, वॉरंटीच्या काउंटरवर, तोच बसला होता. मफलर काढलेला, गळ्यात कंपनीचा बिल्ला. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. ‘‘आलात? मी तुमच्यासाठीच कागद काढून राहिलो…’’ असं म्हणत तो बाहेर आला, गाडीभोवती फिरला, मागच्या चाकापाशी बसला, गाडीचा भार झेलणाऱ्या कमानीचे लोखंडी पाटे बोटानं मोजले, आणि तिथंच बसून राहिला. उठला तेव्हा चेहऱ्यावरचा उजेड गेला होता.

‘‘मागच्या कमानीत एक पाटा जास्तीचा हाय,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘हाय. बोकडं एका अंगाला सरकली की गाडी कलते. म्हून टाकला.’’

‘‘कोणी टाकला?’’

‘‘समोरच्या जळबानं. कमानीच्या दुकानात.’’

तेवढ्यात मालक उत्तमसिंगशेठ बाहेर आले. त्यांनी गाडीखाली नुसती मान तिरपी केली आणि निकाल दिला. ‘‘कमानीला हात लावला की वॉरंटी खतम. पूर्ण गाडीची. शिवहार, समजावून सांग यांना.’’

शिवहारनं एकदा शेठकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग जमिनीकडं बघत तो म्हणाला, ‘‘तसा… नियम हाय. कमानीत बदल केला तर…’’

शिवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘‘रस्त्यावर उभं राहून ‘तकलीफ न्हाई’ म्हणता, आन काचंत आल्यावर न्हाई म्हणता? किती जिभा हायेत तुमाला?’’

‘‘ऐका तर…’’

‘‘तुमीच ऐका! पाटा हाय मागं. पंप हाय पुढं. माणसानं जाड टाचंची चप्पल घातली आन त्याचा दात दुखायला लागला, तर दाताच्या डॉक्टरनं चप्पल बघून हाकलून द्यायचं व्हय?’’ मग ती शेठकडं वळली. ‘‘आन शेठ, गाडी घेतली त्या दिवशी पेढा हातात ठेवून कोण म्हणलं होतं, ‘बोकडं भरायचीत तर एक पाटा वाढवून घ्या, जळबाचं दुकान समोरच हाय’? ते तोंड कोणाचं होतं?’’

‘‘मी असं काही बोललो नाही,’’ शेठ म्हणाले.

इतक्या सरळपणे खोटं बोलणारा माणूस शिवीनं आजवर पाहिला नव्हता. मग ती गाडीच्या मागं गेली, फाळका खाडकन पाडला आणि ओरडली, ‘‘काका, उतरवा समदी! बोकडांना सावली पायजे. आत लई गार हाय.’’

पुढं जे झालं ते हिंगोलीच्या त्या रस्त्यावर पुष्कळ दिवस सांगितलं गेलं. बोकडं चकचकीत फरशीवर घसरत, लेंड्या टाकत आत शिरली. एकानं कुंडीतलं प्लास्टिकचं झाड चावून थुंकलं. दुसऱ्यानं गाड्यांच्या रंगीत चित्रांचे कागद खायला घेतले. आणि एक काळा, दाढीवाला, नव्याकोऱ्या गाडीच्या दारात आपलंच रूप पाहून मागं सरला आणि शिंगं खाली घालून धावला. शिवहारनं मध्ये उडी टाकली नसती तर दार आत गेलं असतं. धडक त्याच्या मांडीला बसली. तो कळवळला, पण बोकडाच्या गळ्यात हात टाकून त्यानं त्याला धरून ठेवलं, आणि त्या अवस्थेतही शिवीकडं बघून त्याला हसू फुटलं.

तिला नाही फुटलं.

संध्याकाळी बोकडं तिच्या मावशीच्या वाड्यावर, गावाच्या कडेला नेऊन बांधली. मुकी गाडी शोरूमच्या आवारात राहिली. शिवहार लंगडत फाटकापर्यंत आला.

‘‘खरं सांगू का?’’ तो म्हणाला. ‘‘पाट्यानं मागचं अंग उचललं गेलंय. तुमचे शॉकअप गळायला लागलेत, ते त्यामुळंच. उद्या मागचा ॲक्सल गेला, ब्रेक बिघडले, तर कंपनी देणार न्हाई आन ते बराबर हाय. पण पंपाचा आन पाट्याचा काही संबंध न्हाई. तुमचं चप्पल आन दातांचं… एकदम बराबर होतं.’’

‘‘मग हे आत काहून न्हाई बोलले?’’

त्यानं फाटकाची कडी वर-खाली केली. मग म्हणाला, ‘‘घरात महिन्याचा पगार आणणारा मी पहिलाच. माय रोजानं हळद वेचायची आत्ता आत्तापर्यंत.’’

‘‘मग खा ती नोकरी,’’ शिवी म्हणाली. ‘‘पोट भरून खा.’’

बोलून ती ताडताड निघून गेली. मावशीकडं तिनं भाकरी थापली ती इतक्या जोरात, की मावशीनं विचारलं, ‘‘कोणाला मारून राहिलीस गं?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शोरूमच्या पायरीवर येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती मोठ्यानं सांगे, ‘‘घ्या, घ्या गाडी. फकस्त कमानीकडं बघू नका, वॉरंटी पळून जाती.’’ शेठ आतून दात खात. पोलिसांना बोलवावं तर बाई पायरीवर नुसती बसलेली, गुन्हा तरी काय सांगायचा?

शिवहार रोज दहाच्या सुमाराला एक चहा आणून तिच्या शेजारी ठेवी. पहिल्या दिवशी तिनं तो पायानं सरकवला. दुसऱ्या दिवशी खेमाकाकाला दिला. पुढच्या सकाळी धुकं होतं, हात गारठले होते. तिनं कप उचलला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, ‘‘राग गेला असं समजू नका.’’

‘‘न्हाई समजत.’’

‘‘साखर कमी हाय.’’

‘‘उद्या वाढवतो.’’

‘‘उद्या मी कशाला येऊ? मेली का माझी बोकडं? ईद चार दिसांवर आली. मावशीच्या दारात बांधून काय त्यांची आरती करू?’’ बोलता बोलता तिचा आवाज चिरकला आणि तिला त्या चिरकण्याचाच संताप आला. ‘‘आबानं मेंढरं विकून गाडी घेतली. आमच्या घरात कोणी मेंढरं विकत न्हाई. आजा मेला त्या दिवशीसुद्धा कळप रानात गेला होता. समजतं का तुमाला? कशाचं समजणार…’’

तो पायरीवर बसला. जरा अंतर ठेवून. त्यानं तिच्या हातातला कप अलगद घेतला, खाली ठेवला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, नुसती लागली.

‘‘दुपारी कंपनीचा इंजिनियर येणार हाय, औरंगाबादहून,’’ तो म्हणाला. ‘‘शेठ तुमची गाडी मागच्या गल्लीत ढकलायला सांगतील. तुमी आधीच गाडीत जाऊन बसा, उतरू नका.’’

‘‘आन तुमी?’’

‘‘मी…’’ त्यानं गळ्यातला बिल्ला चाचपला. ‘‘बघू.’’

‘‘बघू!’’ ती फिसकारली. ‘‘तुमचं हेच. बघू!’’

दुपारी तसंच झालं. गाडी ढकलायला माणसं आली तेव्हा शिवी स्टेअरिंगवर बसलेली, हँडब्रेक ओढलेला, काचा वर. शेठ काचेवर टकटक करत असतानाच इंजिनियरची जीप फाटकात शिरली. बुटका, पिकल्या मिशांचा माणूस. त्यानं विचारलं, ‘‘काय भानगड आहे?’’

‘‘काही नाही साहेब,’’ शेठ हसत म्हणाले, ‘‘गिऱ्हाइकानं गाडीची मोडतोड करून आणलीय. कमान बदलली, आता वॉरंटी मागतात. तुम्ही आत चला, चहा घ्या.’’

इंजिनियर आत वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘‘साहेब, मला एक गोष्ट शिकवाल का?’’

शिवीनं काच खाली घेतली. शिवहार पायरीवर उभा होता. चेहरा पांढराफटक, पण आवाज सरळ.

‘‘ह्या गाडीत पाटा वाढवलाय, हे खरं हाय. शॉकअप त्यानंच गेले, हेही खरं. पण बिघडलाय डिझेल पंप. मागच्या पाट्यानं पुढचा पंप कसा बिघडतो, तेवढं मला समजावून सांगा. म्हणजे मला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून सांगता येईल. तीन दिवसांपासून मला त्यांच्या तोंडाकडं बघता येत न्हाई.’’

शेठचा चेहरा विटेसारखा झाला. इंजिनियर काही न बोलता गाडीपाशी आला, आधी मागं वाकला, मग पुढं, पंपाचं सील नखानं खरवडून पाहिलं. रुमालाला हात पुसत म्हणाला, ‘‘कमान, शॉकअप, मागचा ॲक्सल आणि ब्रेक, यातलं काहीही मी देणार नाही. पंप सदोष आहे. तो बदलून द्या. आजच.’’ मग शिवीकडं वळून, ‘‘आणि बाई, तो पाटा काढून टाका. गाडी रिकामी असली की मागची चाकं रस्ता धरणार नाहीत. एखाद्या वळणावर जीव जाईल.’’

‘‘पाटा टाकायला आमाला ह्यांनीच सांगितलं होतं,’’ शिवी शेठकडं बोट करून म्हणाली.

इंजिनियरनं शेठकडं पाहिलं. शेठनं आभाळाकडं पाहिलं.

पंप मिळाला. शॉकअप नाही मिळाले. मावशीकडं परत जाताना शिवी अर्धी जिंकल्याच्या रागात होती, पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी उकळत होतं. ‘तीन दिवसांपासून मला त्यांच्या तोंडाकडं बघता येत न्हाई…’ असं कोणी चारचौघांत बोलतं का? तिनं खेमाकाकाला विचारलं. खेमाकाका म्हणाला, ‘‘पोरगं बरं हाय.’’ ती त्याच्यावरही खेकसली.

सकाळी गाडी घ्यायला गेली तर वॉरंटीच्या काउंटरवर दुसराच कोणी बसलेला. चहाचा कप नाही. काही नाही.

‘‘ते कुठं हायेत? शिवहार?’’

‘‘शेठनी काढलं त्याला. काल सांजच्यालाच.’’

शिवीनं किल्ली हिसकावली, गाडी चालू केली, आणि पाटा काढायचाच होता म्हणून रस्ता ओलांडून थेट जळबाच्या दुकानापुढं नेऊन उभी केली. जुन्या कमानींच्या ढिगावर शिवहार बसला होता. कानाला मफलर, हातात चहा. गळ्यात बिल्ला नव्हता.

‘‘कोणी सांगितलं होतं तुमाला?’’ ती गाडीतून उतरायच्या आधीच ओरडली. ‘‘कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?’’

‘‘तुमीच. ‘मग खा ती नोकरी’ म्हणलात. मला गिळंना.’’

‘‘मी रागात म्हणले होते!’’

‘‘तुमी रागात कवा नसता, तेवढी वेळ सांगा. मला काही विचारायचंय. त्या वेळी येतो.’’

जळबानं मान खाली घातली आणि हातोडा नको तितक्या जोरात आपटायला लागला.

‘‘काय… विचारायचंय?’’

‘‘राग नसताना.’’

पाटा निघाला. गाडीचं मागचं अंग खाली बसलं. शिवहार म्हणाला, ब्रेक एकदा चालवून बघायला पाहिजेत, मी येतो. ती म्हणाली, या, मला काय. मावशीकडून बोकडं भरली, नांदेडच्या बाजारासाठी. पण आता आधीइतकी भरता येईनात, म्हणजे दोन खेपा. त्यावरून ती जी सुरू झाली — कंपनीवर, शेठवर, रस्ता करणाऱ्या सरकारवर — ती गाव मागं पडेपर्यंत थांबली नाही. शिवहार शेजारी बसून ऐकत होता. मध्येच म्हणे, ‘‘आता ब्रेक दाबा.’’ ती दाबी. ‘‘बराबर.’’ पुन्हा ती सुरू.

नांदेडच्या रस्त्याला दोन्ही अंगांना हळदीची पानं वाळून पिवळी पडली होती. कुठं कुठं काढणी सुरू झालेली, उकरलेल्या मातीचा आणि ओल्या हळदीचा वास गाडीत येत होता. बोलायचं संपलं तशी शिवी गप्प झाली. त्या गप्प होण्याची तिला सवय नव्हती. थोडं अंतर गेल्यावर तिनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

‘‘विचारा.’’

‘‘राग गेला?’’

‘‘हाय. पण तुमच्यावर न्हाई.’’

शिवहारनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मग काढले, मग मफलर सोडला आणि परत बांधला. ‘‘मी म्हणत होतो… तुमच्या आबांना भेटायला यावं. मायला घेऊन. पण आता कसं यावं… परवापर्यंत पगार होता. औंढ्याला छोटं गॅरेज टाकायचं मनात हाय, पण ते मनातच हाय. रिकाम्या हातानं माणसानं कोणाच्या दारात…’’

‘‘रिकाम्या हातानं, रिकाम्या हातानं!’’ शिवी उसळली. ‘‘आमी काय तुमच्या नोकरीसंगं लगीन लावून राहिलो का?’’

शब्द गेला. परत घेता येईना.

मागं एक बोकड ओरडला. शिवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं किल्लीला हात घातला, किल्ली फिरवायची विसरली, आणि समोरच्या काचेवर बसलेल्या धुळीकडं बघत राहिली. शेवटी तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो हसत नव्हता. तो नुसता बघत होता, आणि त्याचे ते मऊ डोळे भरून आले होते.

‘‘असं बघायचं काही काम न्हाई,’’ ती म्हणाली. आवाज चढवायचा होता, पण तो चढलाच नाही.

वरून टपावर खेमाकाकाचा हात थाड थाड पडला. ‘‘चला की! बाजार उठंल!’’

तिनं गाडी चालू केली. रस्त्यावर नजर ठेवूनच म्हणाली, ‘‘येताना तुमच्या मायला आधीच सांगून ठेवा. पोरगी लई रागीट हाय म्हून. मागून बोलणं नको.’’

‘‘सांगितलंय.’’

‘‘कवा?’’

‘‘गाडी बंद पडली, त्याच दिवशी. घरी गेल्या गेल्या.’’

शिवीनं गिअर टाकला. पुढं खड्डा होता, तो तिला दिसलाच नाही, आणि गाडी सगळ्या बोकडांसकट मस्त हेलकावा खाऊन पुढं निघाली.